मॅडम, विषयच झेपत नाहीये

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे समुपदेशनाला टीवायची, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाची, मुलं यायला लागतात आणि वाक्य जवळपास तेच असतं, "मॅडम, प्रोजेक्टचा विषय घेतला पण झेपत नाहीये." त्यात भूगोलवाली, शाश्वत विकास घेऊन अडकलेली इतकी बघितली की आज त्यातल्या एकीबद्दल लिहितेच. तिला विचारलंय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती सांगोल्याकडची, पुण्यात हॉस्टेलवर. विषय काय, तर 'महाराष्ट्रातील शाश्वत विकास', म्हणजे अख्खा महाराष्ट्र! लॅपटॉपमध्ये साठेक पीडीएफ, लिहिलेलं पान एकही नाही, झोप उडालेली आणि घरचा फोनसुद्धा उचलत नव्हती.

"काहीतरी नवीन सापडलंच पाहिजे, नाहीतर सर म्हणतील कॉपी केलंय."
"सापडलंच?"
"हो, सापडलंच पाहिजे."

हा 'च' मी कित्येक वर्षं ऐकतेय. माझं ठाम मत आहे, मुलांना काम दमवत नाही, हा 'च' दमवतो. पण तिला तसं तोंडावर सांगून काय होणार होतं, मान हलवली असती आणि रात्री परत रडली असती. तीन भेटी अशाच गेल्या.

चौथ्या भेटीत सहज विचारलं, घरी का बोलत नाहीस गं?

"आई सारखं पाण्याचंच सांगते. यंदा संक्रांतीलाच विहीर तळाला गेली. शेजारच्यांनी प्लास्टिकचा कागद टाकून शेततळं केलंय, बोअरचं पाणी उपसून भरून ठेवलंय डाळिंबाला, आणि आमची विहीर..."

ती थांबली. मीही गप्प बसले. अशा वेळी गप्प बसणं शिकायला मला दहा वर्षं लागली, आणि आज ते येतं याचं मला समाधान आहे. बऱ्याच वेळानं तीच हळू म्हणाली, "मॅडम, हे शाश्वत विकासच आहे ना?"

तेव्हा मला लख्ख कळलं की ज्या विषयासाठी ती साठ पीडीएफ उपसत होती तोच आईच्या फोनवर रोज येत होता आणि ती फोन टाळत होती. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या तिला पाठ होती, पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं. ती तिच्या विहिरीला लावून बघायला कोणी सांगितलंच नव्हतं. शेततळं मुळात पावसाचं पाणी साठवायला, २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तीही त्याचसाठी. पण ते जमिनीखालचं पाणी उपसून भरलं की सगळ्यांचं पाणी एकाच्या तळ्यात जातं आणि उन्हाळ्यात त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडतं. अर्थात शेजारीही वाईट नाही, त्याला बाग जगवायचीय. म्हणूनच हा प्रश्न अभ्यासायच्या लायकीचा आहे.

तुमचंही असंच अडकलं असेल तर आधी गाईडकडे जाऊन विषय छोटा करून घ्या, लाजू नका, नावात गावाचं नाव येऊ द्या. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं सगळी घेऊ नका, एक पुरे, हिनं सहावं घेतलं, पाण्याचं. पंधरा-वीस विहिरी निवडा, टेपला वजन बांधून पाणी किती खाली आहे ते मोजा, कठड्याची उंची वजा करा, सगळ्या विहिरी एक-दोन दिवसातच उरका नाहीतर तुलना करता येत नाही. शेततळं असलेल्यांशी बोला, नसलेल्यांशीही बोला. फरक दिसला नाही तर तसंच लिहा, तोही निष्कर्षच असतो. आणि झोप-जेवण पंधरा दिवसांच्या वर बिघडलेलं असेल तर प्रोजेक्ट बाजूला ठेवून आधी कुणाशी तरी बोला.

त्या दिवशी ती बाहेर पडली आणि जिन्यातूनच फोन लावला, मला आतपर्यंत ऐकू येत होतं.

"आई, आपली विहीर किती परस खोल आहे गं? नाही नाही, रडत नाहीये, तू सांग, मी लिहून घेतेय."