वारा आडवा नाही, वरून आला होता!

प्रश्न (एक वाचक, बार्शी तालुका): मे महिन्यात आमच्याकडे संध्याकाळी ढग भरून आले, पाऊस म्हणाल तर नुसते शिंतोडे, पण पाच-सात मिनिटं असा काही वारा सुटला की गोठ्याचे पत्रे उडून शेजाऱ्यांच्या द्राक्षबागेत जाऊन पडले, कडुलिंबाचं जुनं झाड मुळासकट आडवं झालं. गावात सगळे म्हणतायत चक्रीवादळ होतं. पण दोन-तीन किलोमीटरवरच्या वस्तीत पानही हललं नाही! हे नक्की काय होतं? आणि मोबाईलवर अलर्ट का नाही आला?

उत्तर: चक्रीवादळ तर नक्कीच नाही. ते समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि टीव्हीवाले चार दिवस आधीपासून नकाशे दाखवून आपल्याला वैताग आणतात. तुम्ही सांगताय त्यावरून हा डाउनबर्स्ट वाटतोय, म्हणजे वादळी ढगातून एकदम खाली कोसळलेली थंड हवा.

होतं काय, की उन्हाने तापलेली हवा वर जात राहते आणि दहा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्यात पाण्याचे थेंब आणि गारा त्या वर जाणाऱ्या हवेवर तोलून धरलेल्या असतात, वजन फार झालं की तो सगळा माल खाली यायला लागतो आणि येताना आसपासची हवा पण ओढून आणतो. पण खरा जोर येतो तो पुढे. ढगाखालची हवा मे महिन्यात तुमच्या भागात अगदी कोरडी असते, त्यामुळे पडणारा पाऊस वाटेतच वाफ होऊन उडायला लागतो, आणि वाफ होताना हवेतली उष्णता खेचून घेतो, आपल्या माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच इथे. गारा वितळताना पण तेच. हवा गार झाली की जड होते, जड झाली की अजून वेगाने खाली येते, आणि जमिनीला आपटल्यावर जायला जागा कुठे, मग चारी दिशांना फाकते. म्हणून तुमच्याकडे पाऊस नुसता शिंतोड्यांपुरता आणि वारा मात्र पत्रे उडवणारा. पाऊस कमी म्हणजे वारा पण कमी असणार, ही समजूत डोक्यातून काढून टाका.

आणि हो, वळवाच्या आधी जो गार वारा येतो आणि आपण अंगणात जाऊन छान वाटतंय म्हणतो ना, तो बहुतेक वेळा हाच प्रकार, फक्त सौम्य!

याचा शोध कसा लागला ते भारी आहे. तेत्सुया फुजिता नावाचे जपानी शास्त्रज्ञ, 1945 मध्ये अणुबॉम्बनंतर नागासाकी-हिरोशिमाची पाहणी करायला गेले होते, तिथे झाडं एका बिंदूपासून बाहेरच्या बाजूला पडलेली त्यांनी पाहिली. पुढे अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले, आणि 1974 च्या टोर्नेडोंनंतर (भोवऱ्यासारखी गरगर फिरणारी वादळं) विमानातून नुकसान बघताना एका जंगलात पुन्हा तशीच पडलेली झाडं दिसली. टोर्नेडोत झाडं पिळवटल्यासारखी, आत वळलेली पडतात, इथे तर सगळी बाहेर! मग 24 जून 1975 ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं 66 नंबरचं विमान पडलं, 113 माणसं गेली. गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की त्याच रनवेवर काही मिनिटं आधी दुसरी विमानं सुखरूप उतरली होती. फुजितांनी सांगितलं, एवढ्याशा जागेत हवा कोसळली. सुरुवातीला बऱ्याच हवामानतज्ज्ञांनी ते मानलं नाही, मग 1978 मध्ये शिकागोजवळ डॉपलर रडार (ढगातल्या वाऱ्याचा वेग मोजणारं) लावून मोजलं तेव्हा असे डाउनबर्स्ट सापडले की! डाउनबर्स्टचा पसारा चार किलोमीटरच्या आत असेल तर त्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. दोन-तीन किलोमीटरवरची ती वस्ती शांत कशी राहिली त्याचं उत्तर यातच आलं.

विमानाची यात फसवणूक होते ती अशी, आधी समोरून वारा लागतो, विमान उचललं जातं, पायलट वेग कमी करतो, आणि लगेच वरून दाब आणि मागून वारा, सावरायला उंचीच उरत नाही. 1985 मध्ये अमेरिकेत डॅलसला डेल्टा एअरलाइन्सचं 191 नंबरचं विमान असंच पडलं, त्यानंतर मोठ्या विमानतळांवर खास रडार आणि विमानांत इशारा देणारी यंत्रणा आली.

आता अलर्टचं. हवामान खातं पुढच्या तीन तासांसाठी जिल्ह्याला वादळी वाऱ्याचा इशारा देतं, तो बघत जा, पण नेमकी कुठल्या शिवारात हवा कोसळणार ते फार तर काही मिनिटं आधी कळतं, तेही रडार जवळ असलं तर. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग पडून 17 जण गेले, तेव्हाही धुळीचा वारा वादळी ढगांमुळेच आला होता.

खात्री करायची असेल तर पडलेली झाडं उचलायच्या आधी शिवारात फिरून ती कुठल्या दिशेला पडलीत ते कागदावर मांडा, आणि गावच्या दोन टोकांना वेगवेगळ्या दिशेला पडलेली असतील तर फोटो काढून आम्हाला पाठवा, छापू.