वाचक विचारतात : फॉल-पिकोच्या दुकानातलं रहस्य

प्रश्न : मी नागपूरच्या महाल भागात राहते, शाळेत मराठी शिकवते. मला कोझी मिस्टरी म्हणतात तशी, रक्तपात नसलेली रहस्यकथांची मालिका लिहायची आहे, पाच-सहा पुस्तकांची. नायिका आमच्याच गल्लीतली, फॉल-पिकोचं दुकान चालवणारी बाई. पहिलं पुस्तक अर्धं झालंय पण ज्यांना वाचायला दिलं ते म्हणतात यात नवीन काय, म्हणून वाटतंय तिला स्वप्नात सुगावे दिसतात असं करावं. चालेल का?

उत्तर : ताई, स्वप्नं काढून टाका, अगदी मनापासून सांगते. रहस्यकथा वाचणारा माणूस नायिकेशी शर्यत लावून बसलेला असतो, तिला जे दिसलं ते मलाही दिसलंच पाहिजे हा त्याचा हक्क. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातले काही आता टाकाऊ झालेत पण दैवी शक्ती नको आणि सुगावा वाचकापासून लपवायचा नाही हे दोन आजही पक्के आहेत.

आणि फॉल-पिकोचं दुकान हातात असताना स्वप्नं हवीत कशाला? अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषधालयात काम केलं, तिथे झालेली विषांची ओळख तिला पुढे आयुष्यभर पुरली. तुमच्या बाईकडे साड्या आहेत. समजा एकीने सोमवारी पैठणी टाकली, म्हणाली "शनिवारच्या लग्नात नेसायची हाय, शुक्रवारी पायजेच बरं का", आणि बुधवारी ती कोणाला न सांगता गाव सोडून गेली असं घरचे सांगतात. साडी अजून दुकानात पडून आहे. झालं, तुमची बाई कामाला लागली.

नागपूरचा उन्हाळा पण वापरा की. मे महिना, पारा ४५ च्या वर, कूलर रात्रभर चालू म्हणजे सकाळी टाकी खाली गेलेलीच असते, हे इथल्या कोणत्याही घरात माहीत आहे. आता आजोबा झोपेत गेले, घरात दुसरं कोणी नव्हतं असं सगळे म्हणतायत आणि सकाळी कूलर चालू, टाकी मात्र काठोकाठ, तर मग पाणी भरलं कोणी? शिवाय कूलरच्या घरघरीत शेजारी काही ऐकू येत नाही हे आलंच. बाहेरून बदलून आलेल्या इन्स्पेक्टरच्या हे लक्षात येणार नाही, तुमच्या बाईच्या येईल, आणि नीट वाचणाऱ्याच्याही.

पण तुम्ही विचारलेला नवेपणा मला दुसरीकडेच दिसतो. अशा बहुतेक मालिकांमध्ये गुन्हेगार पकडला गेला की पुस्तक संपतं आणि पुढच्या पुस्तकात गाव पुन्हा जसंच्या तसं हसतंखेळतं. महालातल्या गल्लीत असं होईल का हो? ज्याला पकडून दिलं त्याची आई रोज सकाळी त्याच नळावर भेटणार, त्याची बायको ब्लाउजला हूक लावायला कुठे जाणार, पोरीचं लग्न मोडलं तर बोट कोणाकडे? दुसरं पुस्तक तिथून सुरू करा. निम्मी गल्ली दुकानात यायची बंद झालीये, गिऱ्हाईक तुटलंय, आणि पहिल्या गुन्हेगाराची आईच एक दिवस दारात उभी राहते, तिला मदत हवीये. हे मला वाचायचंय! गल्लीने सगळं लक्षात ठेवलंय अशी मालिका.

याने अजून एक अडचण सुटते, एका गल्लीत सहा खून कोणाला पटणार. एखाद्या भागात तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, पिढीजात लाकडी बैल गायब होऊ द्या, तान्हा पोळा आणि मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक एकाच दिवशी असतात, सगळं महाल-इतवारी रस्त्यावर, चोराला तेवढं पुरे.

प्रश्न : माझ्या कथेतला पोलीस "कलम ३०२" म्हणतो. एकाने चूक काढली, खरंच चूक आहे का?

उत्तर : कथा कधी घडते त्यावर आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३. त्याआधी घडलेला गुन्हा असेल तर ३०२ च. पंचनाम्यात आणि एफआयआरमध्ये नंबर बरोबर घाला, पानठेल्यावर बसलेल्या काकांच्या तोंडी ३०२ राहू द्या, इतक्या वर्षांची सवय थोडीच जाते.