मांजरामुळे अलार्म वाजतो, काय करावे?

प्रश्न : घरी चोरीच्या भीतीने अलार्म बसवला आहे, परंतु आम्ही बाहेर पडलो की मांजराच्या हालचालीने तो वारंवार वाजतो. सेन्सरची संवेदनशीलता कमी केली, तर चोर आल्याचे कळेल का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, संवेदनशीलतेला सर्वांत शेवटी हात लावावा. हालचाल टिपणारा सेन्सर बहुधा अवरक्त किरणांवर चालतो. शरीराची उष्णता त्याच्या दृष्टिक्षेत्रातील एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की तो इशारा देतो. पाळीव प्राण्यांसाठीचा खास सेन्सर जमिनीलगतच्या लहान हालचालींकडे दुर्लक्ष करतो. मात्र तेच मांजर सोफ्याच्या पाठीवर किंवा कपाटावर चढले की सेन्सरच्या जवळ येते आणि त्याला माणसाएवढे मोठे भासते. वेष्टनावर वजनाची मर्यादा छापलेली असली, तरी सेन्सर वजन मोजत नाही, हे ध्यानात ठेवावे.

सेन्सर पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर, म्हणजे बहुधा २.१ ते २.४ मीटरवर, खाली न झुकवता बसवावा आणि मांजर चढू शकेल असे सामान त्याच्या समोरून हलवावे. मग यंत्रणा चाचणीच्या स्थितीत ठेवून, स्वतः दाराबाहेर थांबून, मांजर कोठे गेल्यावर सेन्सरचा दिवा लागतो ते शांतपणे पाहावे. नेमकी अडचण तेथेच सापडते. तरीही अलार्म वाजत राहिल्यास, माझ्या मते, त्या खोलीतील सेन्सर बंद ठेवून दारे-खिडक्यांना चुंबकीय सेन्सर लावणे अधिक भरवशाचे, कारण ते दार किंवा खिडकी उघडल्यावरच इशारा देतात.