सायकल चालवताना गाणी ऐकावीत का? ऐकायची तर कशी?

तुम्ही विचारलंय, की सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन शहराबाहेर लांब जाता, गाण्यांशिवाय कंटाळा येतो, आणि घरचे मात्र इअरफोन दिसला की ओरडतात. तर ऐकावं का, आणि ऐकायचं तर कशावर? माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे: चढावर ऐका, बाकी सगळीकडे बंद. मी पुण्यात चालवतो, त्यामुळे डोक्यात बोपदेव, दिवे घाट, सिंहगड हेच येणार. तुम्ही तुमच्या बाजूचा घाट धरा.

चढच का, तर आधी वेग. माझ्यासारखा हौशी माणूस घाटात ताशी आठ-दहा किलोमीटरने चढतो, अंगात आलं तर बारा. एवढ्याने कानात वारा भरत नाही, त्यामुळे गाणं अगदी हळू लावलं तरी शब्द न् शब्द कळतो. मागचा ट्रक किंवा एसटी खालच्या गिअरमध्ये कण्हत चढत असते, ती एक वळण आधीच ऐकू येते. आणि डोक्याला तिथे काही कामच नसतं. समोर डांबर, कडेची पांढरी रेघ, आणि 'अजून किती राहिलं' हा एकच विचार.

उतारावर सगळं उलटं. चाळीसच्या पुढे गेलात की वाऱ्याचा असा घोंघाट सुरू होतो की गाणं ऐकायला आवाज वाढवावाच लागतो, आणि तो वाढवला की दुसरं काही ऐकू येत नाही. मागची गाडीही इंजिनावर जोर न देता येत असते, त्यामुळे तिची चाहूल उशिरा लागते. शिवाय उतारावर स्वतःच्या सायकलकडे कान हवा. ब्रेकच्या रबरात खडा रुतला की रिमवर करकर सुरू होते. टायरमधून हवा जायला लागली तर बारीक 'फिस्स' येते, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. हे वेळेत ऐकलं तर सायकल बाजूला घेता येते.

शहरात तर अजिबात नको. सायकलला आरसा नसतो, मागचं सगळं कानाने बघायचं असतं. पूर्वी बस मागे आली की आपोआप कळायचं. आता पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, इलेक्ट्रिक बस आणि बॅटरीवरच्या स्कूटर इतक्या गुपचूप येतात की उघड्या कानांनीही दचकायला होतं.

आता कशावर ऐकायचं. कानाच्या आत बसणारी बोंडं दोन्ही कानांत घालून रस्त्यावर जाऊ नका, आणि बाहेरचा आवाज कापणारी सोय चालू ठेवून तर मुळीच नाही. बाहेरचं ऐकवणारा मोड असतो ना, तो चालताना छान वाटतो. सायकलवर माइकमध्ये वारा शिरतो आणि कानात नुसतं फरफर होतं.

हातात तेवढीच बोंडं असतील तर फक्त डाव्या कानात घाला. आपल्याकडे गाड्या उजवीकडून पुढे जातात, तो कान मोकळा पाहिजे. पण एकाच कानाने ऐकलं की कधी तबला गायब, कधी सारंगी, कारण ती दुसऱ्या बाजूला टाकलेली असते. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' म्हणून एक बटण असतं, आयफोनलाही आणि अँड्रॉइडलाही. ते चालू केलं की दोन्ही बाजूंचं एका कानात येतं. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

पैसे घालायची तयारी असेल तर बोन कंडक्शनवाले घ्या. शॉक्ससारख्या कंपन्यांचे मिळतात, स्वस्त नाहीत. त्याच्या गाद्या कानासमोर गालफडाच्या हाडावर टेकतात, कंपन हाडातून थेट आतल्या कानापर्यंत जातं आणि कानाचं भोक उघडं राहतं. खर्जाच्या नावाने बोंब असते, आवाज फार वाढवला तर गालाला गुदगुल्या होतात, आणि हेल्मेटचा पट्टा, चष्म्याची काडी, हे सगळं एकाच जागेसाठी भांडतं. आधी हेडफोन, मग हेल्मेट, शेवटी चष्मा असा क्रम ठेवला की जमतं. कान उघडा असला तरी लक्ष गाण्यात गुंततंच, त्यामुळे हे घेतले म्हणून शहरात लावायची मुभा मिळाली असं समजू नका.

राहिला स्पीकर. बाटलीच्या जागी स्पीकर खोचून जाणारे रविवारी सकाळी खडकवासल्याच्या रस्त्याला हमखास भेटतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो इअरफोनपेक्षा बरा, मान्य. पण ग्रुपमध्ये एकाने लावला की बाकीच्यांना तासभर त्याची आवड सोसावी लागते, आणि वाटेतल्या गावांनी काय पाप केलंय? माझं मत विचाराल तर नको.

गाण्याने खरंच फरक पडतो का, याचा शोध जुना आहे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा-सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती व्हायच्या. तिथे बँड वाजत असताना सायकलस्वार जास्त वेगाने जातात आणि बँड थांबला की मंदावतात, असं लिओनार्ड एअर्स या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने 1911 साली मांडलं. अलीकडे, 2012 मध्ये, इंग्लंडमधल्या एका प्रयोगात दिसलं की तेवढंच काम करताना ठेका पायांशी जुळलेला असेल तर ऑक्सिजन कमी लागतो, आणि ठेका पायांपेक्षा संथ असेल तर जास्त. फरक 7 टक्क्यांच्या आसपास. दम पार निघालेला असताना मात्र गाण्याचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा माणसाला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो.

म्हणजे गाणं कुठलं यापेक्षा ठेका कुठला हे बघा. चढावर आपले पाय मिनिटाला साठ-सत्तर फेरे मारतात. दोन पाय धरले तर एकशे वीस ते एकशे चाळीस दाब. एका दाबाला एक मात्रा, म्हणजे ठेक्याचा एक ठोका, बसेल अशी लय शोधायची. केरवा ताल आठ मात्रांचा, दादरा सहाचा. दोन्ही आकड्यांना दोनाने भाग जातो, त्यामुळे उजव्या पायावर घेतलेली सम, म्हणजे तालाच्या फेऱ्यातली पहिली मात्रा, दर आवर्तनात उजव्यावरच येते. पायाला सवय लागते आणि चढ आपोआप कापला जातो. भजनी ठेका तर चालणाऱ्या पायांचाच. दिवे घाटातून माउलींची पालखी त्यावरच चढते, सायकलही चढते.

गंमत रूपक तालात आहे. मात्रा सात, म्हणजे या आवर्तनाला सम उजव्या पायावर, पुढच्याला डाव्यावर. त्यात रूपकाची सम असते 'खाली'वर, म्हणजे जिथे जोर द्यावासा वाटतो तिथेच तबल्याचा डग्गा गप्प. सुरुवातीला पाय गोंधळतात, पण एकदा बसलं की पुढची समही बरोबर दुसऱ्या पायावर पकडायच्या नादात दोन वळणं कशी गेली कळत नाही. सगळा जोर एकाच पायाने लावायची खोड असेल तर तीही लक्षात येते. विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ लयीतलं शास्त्रीय गाणं, मात्र घाटात लावू नका. फार सुंदर असतो, आणि पाय त्याच्या मागे मागे थांबायला बघतात.

सपाटीवर काय करायचं? स्वतः गा. खरंच सांगतोय. गाता येत असेल तर तुम्ही आरामात चालला आहात. बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे मध्यम व्यायाम चाललाय. चार शब्दांतच धाप लागली की जोराचा. डॉक्टर मंडळीही हीच साधी परीक्षा सांगतात. कोणी बघत असेल तर बघू द्या, पुढच्या वळणावर आपण दिसेनासे होतो.

नियमांचं थोडक्यात: आयर्नमॅनसारख्या ट्रायथलॉन स्पर्धेत हेडफोन चालत नाहीत, फ्रान्समध्ये 1 जुलै 2015 पासून सायकलस्वाराने कानात इअरफोन घातला तर 135 युरो दंड आहे. स्पर्धेत उतरणार असाल किंवा परदेशात चालवणार असाल तर तिथला नियम आधी वाचा.

आणि यादी घरीच करून डाउनलोड करा, घाटात रेंज जाते-येते आणि चालत्या सायकलवर फोन हातात घ्यायचा नसतो. मी यादी चढाच्या लांबीइतकीच ठेवतो आणि ऑटोप्ले बंद करतो. माथ्यावर पोचेपर्यंत गाणी संपतात, उतार लागायच्या आत कान मोकळे. समोरून वारा असेल त्या दिवशी एक गाणं जास्तीचं टाकायचं.