भूगोल आणि मराठी एकाच वहीत: माझ्या वर्गातलं सांगतो

मॅडम, तुमचा प्रश्न असा की सहावी-सातवीचा भूगोल आणि मराठी दोन्ही तुमच्याकडे आहेत, मुलं भूगोलाची उत्तरं पुस्तकातून जशीच्या तशी उतरवतात, निबंधात "आमचे गाव निसर्गरम्य आहे" याच्या पुढे जात नाहीत, तर दोन्ही विषय एकत्र घेता येतील का. नक्की येतील. मी माण तालुक्यात बरीच वर्षं हे दोन्ही विषय शिकवतोय. मुलाला लिहिता येत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपण त्याला लिहिण्यासारखं काही दिलेलंच नसतं. भूगोल ते देतो. आणि मुलाला भूगोल समजला की नाही, हे त्याच्या स्वतःच्या चार वाक्यांत जितकं लख्ख दिसतं तितकं रिकाम्या जागा भरून दिसत नाही.

सुरुवात वाटेपासून करा. "शाळेपासून माझ्या घरापर्यंत" एवढाच विषय द्या, अर्धं पान. मग वह्यांची अदलाबदल करा. दुसऱ्यानं फक्त वाचून नकाशा काढायचा आणि लिहिणाऱ्यानं तोपर्यंत तोंड उघडायचं नाही. माझ्या वर्गात एकानं लिहिलं होतं, "मारुतीच्या देवळापासनं पुढं गेलं की ओढा लागतो, तिथनं वळलं की आमची वस्ती." नकाशा काढणाऱ्या मुलीनं वस्ती पार पाण्याच्या टाकीजवळ नेऊन ठेवली. पोरगा रडकुंडीला आला. "सर, आमची वस्ती तिकडं न्हाईच!" मी म्हटलं, तिची काय चूक? तिनं तुझं लिहिलेलं वाचलं. मग तो बसला आणि पुन्हा लिहिलं: "देवळाकडं पाठ केली की तोंड पूर्वेला होतं. तसंच दोनशे पावलं चालायचं. ओढा ओलांडला की उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेला, बाभळीच्या कडेनं पाणंद जाते."

या तीन वाक्यांत दिशा आली, अंतर आलं, खुणा आल्या. नकाशाला लागणारं सगळं आलं. पुढच्या तासाला पन्नास पावलांना एक सेंटीमीटर धरून नकाशा काढायला लावला आणि "प्रमाण" ही संकल्पना मला वेगळी समजावून सांगावी लागली नाही. "पुढं", "तिकडं", "जवळच" हे शब्द वाचणाऱ्याच्या काही उपयोगाचे नाहीत, हेही मुलांना एकदाच कळलं आणि कायमचं कळलं.

आता पाऊस. आमच्या सातारा जिल्ह्यासारखं उदाहरण शोधून सापडायचं नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात आमच्याकडे चार-पाचशे मिलिमीटर. मुलं पहिल्यांदा लिहितात, "महाबळेश्वरला खूप पाऊस पडतो. माणला कमी पाऊस पडतो." वाक्यं बरोबर आहेत, पण दोन्ही एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. मी फळ्याच्या कोपऱ्यात पाच शब्द लिहून ठेवतो: कारण, म्हणून, त्यामुळे, मात्र, तरीही. परिच्छेदात यातले तीन तरी आलेच पाहिजेत. मग असं काही वाचायला मिळतं: "समुद्रावरनं आलेला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढताना गार होतो, त्यामुळे त्यातलं बाष्प तिथंच पाऊस होऊन पडतं. डोंगर उतरून आमच्याकडं येईपर्यंत वारा कोरडा झालेला असतो, म्हणून आम्ही पर्जन्यछायेत." व्याख्या न घोकता पर्जन्यछाया कळली. "तरीही" हा शब्द तर मला फार प्रिय आहे. पाऊस कमी, तरीही ज्वारी येते, कारण परतीच्या पावसाची ओल जमिनीत टिकते. पोरं हे घरी विचारून येतात आणि त्या एका शब्दानं आजी-आजोबा भूगोलाच्या तासात येतात.

जूनमध्ये एक पर्जन्यमापक करून ठेवा. सरळ बुडाची बरणी किंवा बाटली आणि पट्टी, एवढं पुरतं. बाटली असेल तर वरचा भाग कापून उलटा बसवायचा. रोज ठरल्या वेळी नोंद आणि सोबत एकच ओळ: आभाळ कसं होतं, वारा कुठून होता. आम्ही त्यावरून हिशेबही करतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर शंभर चौरस मीटर धरलं तर साडेचारशे मिलिमीटर पावसात वर्षाला ४५,००० लिटर. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथल्या सातवीच्या मुलांना हा आकडा दिला की ग्रामपंचायतीला पत्र लिहा असं सांगावं लागत नाही. ती स्वतःच विचारतात. औपचारिक पत्राचा मायना, विषय, विनंती सगळं त्यात शिकून होतं.

शब्दांच्या बाबतीत एक विनंती. मुलांचे शब्द खोडू नका. ताल (शेताचा बांध), ओघळ, पाणंद, माळ, मुरमाड हे भूगोलाचेच शब्द आहेत, आणि पुस्तकी शब्दांपेक्षा नेमके आहेत. पुस्तकी शब्द शेजारी द्या, त्यांच्या जागी नको. तपासतानाही पहिल्या खर्ड्यावर लाल पेन लावू नका. मी समासात फक्त प्रश्न लिहितो: "किती लांब?", "कशामुळे?", "तुला कसं कळलं?" ऱ्हस्व-दीर्घ पक्क्या प्रतीत बघायचं. पहिल्याच वाचनात वेलांट्या मोजल्या की मूल पुढच्या वेळी चारच ओळी लिहितं, आणि त्याही सुरक्षित. हे मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं केलंय. ती पोरं अजून आठवतात.

वेळेचं म्हणाल, तर आठवड्यातला एक मराठीचा आणि एक भूगोलाचा तास लागून घ्या. जोडतास नाही मिळाला तर लेखन भूगोलाच्या तासाला आणि दुरुस्ती मराठीच्या. अभ्यासक्रम मागं पडत नाही, कारण पत्र, वर्णन, मुलाखत, सारांश हे नाहीतरी घ्यायचेच असतात. फक्त विषय शिवारातला द्यायचा.

समोच्चरेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा, धडा येईल तेव्हा भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्या भागाचा १:५०,००० चा नकाशा मिळवा आणि मोठा करून भिंतीवर लावा. आमच्या वर्गात एका मुलीनं त्यावर बोट ठेवून विचारलं, "सर, नदी निळी असती ना, मग आपला ओढा काळा का?" मी उत्तर दिलं नाही. सूची बघ म्हटलं. तिनं बघितली: बारमाही पाणी निळं, कोरडे प्रवाह काळे. त्या दिवशी तिनं कोणी न सांगता दीड पान लिहिलं. पहिली ओळ होती, "आमच्या ओढ्याला नकाशात पाणी नाही, पण माझ्या आजीनं त्यात कपडे धुतले आहेत." ते पान अजून माझ्या कपाटात आहे. जून जवळ आलाय, तुम्ही वाटेपासून सुरू करा आणि पहिल्या नकाशांचे फोटो इथं टाका. आपण मिळून बघू.