पिल्लू खात नाही? आधी दिवा बघा

प्रश्न : आमचं बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे. भाजीला तोंड लावत नव्हतंच, आता किडेही नाकारतं. काय करू?

उत्तर : ताई, वाटीआधी ऊब देणाऱ्या दिव्याखालचा दगड पुरेसा तापतो का ते तपासा. अंगात ऊब नसली की या सरड्याला अन्न पचत नाही, मग तो खाणंच सोडतो. शेकायची जागा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास हवी, दुसरी बाजू २५ ते २८. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा दिवाही हवाच. तो उजेड देत राहतो, पण किरण क्षीण होत जातात. वर्षाच्या आत बदला.

सकाळी आधी मनसोक्त शेकू द्या, मगच किडे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, वर कॅल्शियमची पूड हवी. उरलेले रातकिडे लगेच काढा. हे मी प्रत्येकाला बजावते, कारण रात्री ते झोपलेल्या पिल्लालाच कुरतडतात.

भाजीची फार चिंता नको, या वयात किडेच जास्त लागतात. तरी बारीक चिरलेला ओलसर पाला रोज ठेवा. त्यात एखादी वळवळती अळी सोडा. ती टिपताना पानही तोंडात जातं.

जबरदस्तीने मात्र भरवू नका. वजन घटलं, जबडा मऊ लागला किंवा पाय थरथरले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.