दीर्घिकेचं चाक कसं तयार होतं?

प्रश्न : शिल्पकार तारकासमूहातली ‘कार्टव्हील’ दीर्घिका बैलगाडीच्या चाकासारखी दिसते. दोन दीर्घिकांच्या टकरीतून ती अशी झाली म्हणतात. पण टकरीत सगळं विस्कटायला हवं, मग एवढं नीट कडं कसं उरलं?

उत्तर : टकरीत तारे एकमेकांवर आपटत नाहीत. सूर्य २ मिलिमीटरचा बाजरीचा दाणा मानला, तर सर्वांत जवळचा तारा सुमारे ५८ किलोमीटरवर येतो. घडवतं ते गुरुत्वाकर्षण.

लहान दीर्घिका मोठीच्या तबकडीतून, मध्याजवळून आणि जवळजवळ काटकोनात आरपार गेली की काही काळ मध्याकडची ओढ वाढते. सगळे तारे आत सरकतात. पाहुणी पुढे निघून जाते, ओढ कमी होते आणि तारे उसळून पुन्हा बाहेर येतात. आतल्या ताऱ्यांचा हेलकावा लवकर पुरा होतो, बाहेरच्यांचा उशिरा. बाहेर निघालेले आणि अजून आत येत असलेले जिथे गाठ पडतात, तिथे दाटी होते. तेच कडं. ते बाहेर पसरत जातं, तारे मात्र आपापल्या जागी मागेपुढे होत राहतात. विहिरीत दगड टाकल्यावर लाट काठाकडे जाते, पाणी जात नाही, तसंच.

वायूचं तसं नाही. त्याचे ढग खरोखर आदळतात, दाबले जातात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. म्हणून कडा निळसर दिसते. हे कडं सुमारे दीड लाख प्रकाशवर्षं रुंद आहे. नीट पाहिलंत तर केंद्रक, म्हणजे दीर्घिकेचा मधला दाट भाग, कड्याच्या अगदी मध्यावर नाही. धडक थोडी बाजूला बसल्याची ती खूण, आणि आम्हाला या चित्रातली सर्वांत बोलकी जागा तीच वाटते.

प्रश्न : घरच्या संगणकावर हे करून बघता येईल का?

उत्तर : नक्की. एका जड बिंदूभोवती पाच वर्तुळांत १२, १८, २४, ३० आणि ३६ असे १२० वस्तुमानरहित कण फिरवा. दुसरा जड बिंदू, पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, मध्यातून काटकोनात सोडा. आधी पाहुण्याशिवाय चार-पाच फेऱ्या होऊ द्या. वर्तुळं तेव्हाच फिसकटली, तर कालाची पायरी, म्हणजे एका हिशेबापासून पुढच्या हिशेबापर्यंतचा वेळ, मोठी आहे. ती सर्वांत आतल्या फेरीला लागणाऱ्या वेळाच्या शंभराव्या भागाएवढी ठेवा. बिंदू फार जवळ आले की बल अफाट वाढून कण भिरकावले जातात. त्यासाठी बलाच्या सूत्रात अंतराच्या वर्गात एक लहान स्थिर संख्या मिळवावी.

मग पाहुण्याला तबकडीच्या पातळीत, तिच्या फिरण्याच्याच दिशेने, बाजूने न्या. कड्याऐवजी लांब शेपट्या निघतील, कारण बाहेरच्या कणांना तो बराच वेळ सोबत करत ओढतो. उलट दिशेने नेलात तर फारसं काही होणार नाही. शास्त्रज्ञ तूमरे बंधूंनी १९७२मध्ये असंच करून हस्त नक्षत्रातल्या ‘अँटेना’ या दीर्घिकांच्या जोडीच्या शेपट्यांचा उलगडा केला.

प्रश्न : आठ इंची दुर्बिणीतून अशी एखादी जोडी दिसेल?

उत्तर : सप्तर्षीतल्या मरीची ताऱ्याजवळची एम ५१ ही जोडी. एप्रिल-मे, चंद्र नसलेली रात्र, शहरापासून दूर. दोन धूसर ठिपके सहज दिसतात.